नवी आई फार करते

९ जानेवारी

प्रिय मावशी,

नवी आई घरी आली की सगळं खरं खरं लिही, असं तू म्हणाली होतीस म्हणून लिहिते. खरं हे आहे की ती चांगली आहे. तुला राग नाही ना आला?

ती येण्याआधी शेजारच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "बाई गं, आता जपून राहा हो." मी दोन दिवस जपून राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं माझे केस विंचरले. आई गेल्यापासून बाबा विंचरायचे, तेव्हा वाटायचं की ते पुलाचे नटबोल्टच आवळतायत. (त्यांना सांगू नकोस.) नव्या आईनं गाठी सोडवल्या पण एकदाही ओढलं नाही.

बुटकी तर तिला चिकटलीच आहे. चार वर्षांचं शेंबडं पोर ते, कुणी कडेवर घेतलं की झालं. पहिल्या दिवसापासून "आई" म्हणते. मी अजून काहीच म्हणत नाही. "अहो" पण नाही आणि "अगं" पण नाही. काही हवं असलं की नुसती समोर जाऊन उभी राहते.

ती आधी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करायची. बाबा पूल तपासायला महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर असतात तसेच आताही असतात, पण शाळेतून आल्यावर कुलूप मला उघडावं लागत नाही. दार उघडंच असतं आणि आत कुणीतरी असतं.

तुझ्याकडे तिकडे कोण असतं? ढगांशी बोलतेस का?

तुझी साळू


२१ जानेवारी

लाडक्या साळूबाई,

तुझं पत्र सामानाच्या गाडीतून, बटाट्याच्या पोत्यावर बसून डोंगर चढून आलं. गाडी आठवड्यातून एकदाच येते, म्हणून माझ्या उत्तरांना नेहमी उशीर होणार. इथला फोन फक्त खालच्या ऑफिसला आकडे सांगण्यासाठी आहे.

राग कशाला येईल? ढगांशी मी बोलत नाही, पण वेळ येईल असं दिसतंय. इथे वेधशाळेत आम्ही दोघंच. साहेब दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन वाऱ्याबद्दल असतात. दर तीन तासांनी बाहेर जायचं, तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस वहीत लिहायचं आणि आत यायचं. थंडी इतकी की पेन काखेत धरून ऊब द्यावी लागते.

तुझी आई माझे केस विंचरायची तेव्हा मी अर्धी गल्ली रडून जागी करायचे. न ओढता विंचरणारा हात चांगलाच असणार. तिला काय म्हणायचं ते घाईनं ठरवू नकोस. आणि लिहीत राहा, काहीही लिही. भाजी काय होती तेसुद्धा लिही.

मावशी


१८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उशीर झाला, कारण बुटकी आजारी होती. आधी उलट्या, मग ती नुसती पडून राहिली, हाक मारली तरी डोळे उघडेना. सहा दिवस दवाखान्यात. आता घरी आहे.

बाबा पुलावर होते. नव्या आईनं एकटीनं सगळं केलं. तिला इतकं कळतं ना गं! डॉक्टरांच्याही आधी कळतं. सकाळी मी दप्तर भरत होते, तर मला म्हणाली, "आज हिला बरं वाटेनासं होणार बघ. तू शाळेतून थेट दवाखान्यातच ये." आणि खरंच दुपारी उलट्या सुरू! नर्सताई म्हणाल्या, "पोटची असती तरी कुणी एवढं केलं नसतं." नवी आई खाली मान घालून हसली. आमच्या गल्लीत सगळे हेच म्हणतात, नवी आई फार करते. ज्या काकूंनी जपून राहायला सांगितलं होतं, त्यांनीच परवा तिचे हात हातात घेतले.

एक सांगू? मला दवाखान्यात आवडतं. बाहेरच्या बाकावर ती मला कुशीत घेऊन बसते. म्हणते, "तूच माझा आधार आहेस." घरी एवढं नाही घेत. बुटकी आत पडलेली असते आणि मला बरं वाटत असतं. हे वाईट आहे ना?

मी तिला आई म्हटलं. ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

साळू


२ मार्च

प्रिय साळू,

वाईट नाही गं. कुशीत बसलं की बरं वाटणारच. त्याचा हिशेब मांडू नकोस.

"आज हिला बरं वाटेनासं होणार" हे मी तीनदा वाचलं. इथे आम्ही एवढी उपकरणं घेऊन बसतो, तरी उद्याचं इतक्या खात्रीनं सांगत नाही. त्या सकाळी बुटकीनं काय खाल्लं होतं, आठवतं का? डॉक्टर काय म्हणाले? सहज विचारते.

मावशी


२९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं 'सहज' मला कळतं. तू सहज म्हणालीस की खालचा ओठ चावतेस. मला इथून दिसतं.

आम्ही सगळे एकच जेवतो. फक्त बुटकीला ताकदीचं औषध असतं. लालसर आहे, बाटलीवर कागद नाही. आई ते कपाटात वर ठेवते. मला चव बघायची होती म्हणून झाकण उघडलं, तर हातावर फाडकन बसली. पहिलीच. मग तीच रडली आणि मला दोनदा सॉरी म्हणाली.

बुटकी परत दोनदा दवाखान्यात जाऊन आली. दोन्ही वेळा बाबा गावाला होते. बिचाऱ्या आईच्याच नशिबी सगळी धावपळ. डॉक्टरबाई म्हणतात, तपासण्यांत काही सापडत नाही. एक गंमत झाली. मागच्या वेळी आईला सर्दी झाली, म्हणून वॉर्डात चार दिवस तिला आत सोडलं नाही. आई बाहेर रडत होती. आणि आमची बुटकी आत काय करत होती? पलंगावर उड्या! दोन दोन वाट्या भात खाल्लान. नर्सताईंच्या खिशातली पेनं पळवली. घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी परत पांढरीफटक. आई म्हणाली, "बघितलंस, दवाखान्यातून घाईनं सोडतात मेले."

तू कधी येणार?

साळू


६ एप्रिल

साळू,

आपण दोघींनी एक काम करू. मी इथे जशी वही ठेवते तशी तू तिथे ठेव. रोज दोन ओळी. बुटकीनं काय खाल्लं, औषध कधी घेतलं, उलटी कधी झाली, बाबा घरी होते की नाही. आपल्याला काय वाटलं ते निरीक्षकानं लिहायचं नसतं, दिसलं तेवढंच लिहायचं.

वही दप्तरात ठेव. कुणाला दाखवू नकोस.

मावशी


६ एप्रिल

ती. भावोजींना सा. न.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. साळूच्या पत्रांतून बुटकीच्या आजाराच्या तारखा काढून मी एका कागदावर मांडल्या. तीन वेळा दाखल केली, तिन्ही वेळा तुम्ही बाहेरगावी होतात. तुमच्या पत्नीला चार दिवस वॉर्डात जाता आलं नाही, तेवढेच चार दिवस मूल ठणठणीत होतं. घरात एक बिनकागदाची बाटली आहे. तिच्यात काय आहे ते डॉक्टरबाईंना दाखवा. एवढंच करा. त्यात औषध निघालं तर मी हात जोडून तुमच्या दोघांची क्षमा मागेन.

आपली मेहुणी


१९ एप्रिल

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचावं असं त्यात काही नव्हतं.

जी बाई दवाखान्याच्या फरशीवर सतरंजी टाकून माझ्या मुलीजवळ राहते, तिच्याबद्दल तू हे लिहितेस? तुझी ताई गेल्यावर लोक तुझं-माझं काय बोलत होते, ते मलाही ठाऊक आहे. मी तेव्हा गप्प राहिलो आणि तू डोंगरावर निघून गेलीस. त्याचा राग तुझ्या मनात असेल तर तो माझ्यावर काढ. हिच्यावर नको.

साळूचं डोकं फिरवू नकोस.


२८ एप्रिल

भावोजी,

आता उत्तर देते, मग यावर बोलणार नाही.

हो, माझ्या मनात आलं होतं. ताई गेल्यावर सहा महिन्यांनी तुम्ही साळूचं दप्तर शिवत बसला होतात, तेव्हा. त्याची मला लाज वाटली म्हणून मी ही नेमणूक मागून घेतली. तुमच्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी मी जेवले नाही, हेही खरं. म्हणून मी स्वतःलाच रोज विचारते, की तुला दिसतंय ते द्वेषानं तर दिसत नाही?

पण भावोजी, मी चिडलेली असले तरी तापमापीत पारा असतो तिथेच असतो. तारखा बघा.


२ मे

ताई,

आपली ओळख व्हायच्या आधीच गैरसमज झाला, याचं फार वाईट वाटतं. ह्यांनी मला तुमचं पत्र वाचून दाखवलं. मी रागावले नाही. एकटं राहिलं की माणसाच्या मनात नाही नाही ते येतं. मी किती म्हाताऱ्यांजवळ बसले आहे, मला हे माहीत आहे.

साळूच्या दप्तरात मला एक वही सापडली. अकरा वर्षांच्या मुलीला घरातल्या घरात पाळत ठेवायला लावणं, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभतं का? पोरगी झोपेत दचकते. वही मी नीट ठेवून दिली आहे.

बुटकीला परत दाखल करावं लागलंय. या वेळी जरा जास्तच आहे. सोमवारपासून हेही नाहीत, मोठ्या पुलाचं काम निघालंय. पण मी आहे. तुम्ही काळजी करू नका. सोबत साळूचं पत्र आहे.

तुमची धाकटी बहीण समजा


२ मे

पूजनीय मावशी यांस,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही मला यापुढे पत्रे पाठवू नयेत, कारण त्याने माझ्या अभ्यासावर व मनावर परिणाम होतो. माझी आई माझी व बहिणीची उत्तम काळजी घेते. मी वहीत खोटे लिहिले होते, त्याबद्दल मला पश्चात्ताप होतो आहे.

आपली आज्ञाधारक भाची


९ मे

डॉक्टरबाई,

तुमच्या मुलांच्या वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी आहे, तिची मी सख्खी मावशी. हे पत्र मी स्वतः घेऊन आले आहे, कारण तोंडानं बोलायला लागले तर रडू येईल आणि तुम्हाला वाटेल, बाई भावनेच्या भरात आहे. म्हणून आधी वाचा, मग मला आत बोलवा. मी बाहेरच्या बाकावर आहे.

मी वेधशाळेत निरीक्षक आहे. आज सकाळी साहेबांना सांगून, सुट्टी मंजूर झालेली नसताना, सामानाच्या गाडीत बसून खाली उतरले. साहेब म्हणाले, "माझ्या एकट्याच्यानं सगळ्या नोंदी होणार नाहीत." मग म्हणाले, "जा." एवढं बोलून वारा मोजायला गेले.

सोबतच्या कागदावर तारखा आहेत. आजार कधी झाला, वडील कधी घरी नव्हते, सावत्र आई कधी जवळ नव्हती. या माझ्या नाहीत, मुलीच्या बहिणीनं पत्रांतून सहज कळवलेल्या आहेत. तिला आपण काय लिहितोय हे माहीत नव्हतं, म्हणून त्या जास्त खऱ्या आहेत.

मी कुणावर आरोप करायला आलेले नाही. तीन दिवस बाहेरचं कुणीही, मीसुद्धा, त्या मुलीजवळ जाणार नाही आणि तुमच्या हातचं सोडून तिच्या पोटात काही जाणार नाही, एवढं करून बघा. ती आहे तशीच राहिली तर मला हाकलून द्या. माझ्या मेहुण्यांना मी वाईट बाई वाटते. तुम्हालाही वाटले तरी चालेल. तीन दिवस द्या.


३ जून

तुला काय मायना लिहावा ते सुचत नाही.

त्या दिवशी निरोप मिळाल्यावर मी पुलावरून धावत आलो, तर तू वॉर्डच्या दाराशी. सगळ्यांसमोर तुला "निघ इथून" म्हणालो. तू निघालीस, पण जिन्यापर्यंतच. तीन दिवस जिन्यात बसून होतीस, ते मला नर्सनं नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बुटकी उठून बसली. भात मागितला. त्याआधी घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला होता. पोटात नको ते जात होतं, आणि तेच माझ्या बायकोच्या पिशवीतल्या बाटलीत सापडलं. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि मग सांगितलं. म्हणाल्या, अजून एखादा आठवडा गेला असता तर हातात काही राहिलं नसतं.

महिला पोलीस आल्या तेव्हा ती बुटकीचं दुपटं घडी करत होती. ओरडली नाही. मला म्हणाली, "तिला मीच वाचवलं असतं हो. दर वेळी वाचवलं ना?" मला वाटतं, तिला ते खरंच वाटत होतं.

आपल्याला मूल झालंच नाही असं तिनं मला सांगितलं होतं. एक मुलगा होता. तीन वर्षांचा होऊन गेला. त्या दवाखान्यातही सगळे तिला फार करते म्हणायचे.

मी पुलाला गेलेला केसाएवढा तडा शोधून काढतो. लोक मला त्यासाठी बोलावतात.

बुटकी बरी आहे. साळू माझ्याशी बोलत नाही. कुणाशीच बोलत नाही. तू भेटायला आलीस तेव्हा ती न्हाणीघरात कडी लावून बसली, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिला पत्र लिही. मी फोडणार नाही.


११ जून

प्रिय साळू,

मी परत वर आले आहे. न्हाणीघराच्या दाराला मी टेकून बसले होते, तुला कळलं असेल. तू आतून नळ सोडून ठेवला होतास. तासाभरानं मी उठले.

तुला वही लिहायला लावली ही माझी चूक. मला खाली यायचं धाडस होत नव्हतं. आपण मत्सरी ठरू या भीतीनं मी महिनाभर इथे बसून राहिले आणि माझं काम एका लहान मुलीच्या दप्तरात घातलं. तुझ्यामुळे बुटकी वाचली असं सगळे तुला म्हणत असतील. तुला ते ऐकवत नसेल, तर ऐकू नकोस.

उत्तर नाही आलं तरी मी दर आठवड्याला लिहीन.

मावशी


५ जुलै

मावशी,

तुझी चार पत्रं आली. मी वाचली.

वही तिला सापडली नव्हती. मीच दाखवली.

तू लपव म्हणाली होतीस आणि मी लपवली. पण रोज संध्याकाळी ती माझे केस विंचरायची आणि दप्तर तिथेच असायचं. मला वाटायचं, मी किती घाणेरडी आहे. एक दिवस वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं सगळी वाचली. ओरडली नाही. माझा मुका घेतला आणि म्हणाली, "मला माहीत होतं, तू मला सोडून जाणार नाहीस." मग दोन-तीन दिवसांनी ते पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. पूजनीय मीच लिहिलं, म्हणजे तुला कळेल की नाही ते बघू, असं वाटलं. की नाही वाटलं, आता आठवत नाही.

वही दाखवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुटकी सगळ्यात जास्त आजारी झाली होती. माझ्या वहीमुळेच ना?

आणि मला तिची आठवण येते. हे मी कुणाला सांगू? बाबांसमोर तिचा विषय निघाला की ते उठून नळ गळतोय का बघायला जातात. काकू म्हणतात, देवानंच वाचवलं, नाव काढू नकोस त्या बयेचं. शाळेत मुली मला बाकावर जागा देतात आणि मग काहीच बोलत नाहीत. बुटकी पण विचारते, आई कुठे गेली. तिला तर ती आवडायचीच. बुटकीला बरं नव्हतं तेव्हा कोण जवळ होतं, एवढंच तिला माहीत आहे.

ती माझ्याशी खोटं नव्हती असं मला वाटतं. ती मला काही देत नव्हती बाटलीतलं. मग मी तिची कोण होते?

तू आता पत्रं लिहू नकोस. पत्रात तू फार शहाणी असतेस. यायचं असेल तर ये आणि मला काही समजावू नकोस.

साळू


१३ जुलै

साळू,

बदली मागितली होती, ती नामंजूर झाली. म्हणून आज राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचला आणि माझी ट्रंक गाडीपर्यंत स्वतः उचलून नेली.

हे पत्र आणि मी एकाच गाडीनं उतरतो आहोत. ते टपालात पडेल आणि मला खाली दोन दिवस कागदपत्रं पुरी करायला लागतील, म्हणून ते आधी पोचेल. शुक्रवारी दुपारी मी दारात असेन. बाबांना सांग, बाहेरच्या खोलीतली खाट मला पुरेल.

बुटकी तुझ्या वहीमुळे आजारी पडली नाही. आपल्या माणसापासून काही लपवायचं नाही, हेच आम्ही तुला शिकवलं होतं आणि तू तेच केलंस. तू तिची कोण होतीस ते मला माहीत नाही. शोधून काढून सांगते असंही म्हणत नाही.

समजावणार नाही. तिच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर माझ्याजवळ बोल. चांगलं बोललीस तरी मी ऐकेन.

मावशी